शिकाऱ्याची कैफियत

पाठलाग हा मूळचा भयाचा विषय. अरण्यात हरिणामागे वाघ धावतो तेव्हा त्या धावण्यात विनोद शोधण्याचे धाडस कोणी करणार नाही. आणि मनुष्यजातीने आजवर जे जे पाठलाग पाहिले, लष्कराने रयतेचे केलेले, सावकाराने कुळाचे केलेले, कोतवालाने फरारीचे केलेले, त्यांच्या स्मृतीनेही ओठांवर हसू उमटावे असे त्यांत काही नाही. असे असता विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील मूठभर चित्रकारांनी, भुकेल्या श्वापदाने किंवा बंदूकधारी शिकाऱ्याने एखाद्या दुबळ्या प्राण्यामागे धावावे एवढ्या एकाच प्रसंगावर सहासात मिनिटांची शेकडो कार्टूने रचावीत, आणि ती पाहून सर्व वयांच्या व सर्व भाषांच्या माणसांनी पोट धरधरून हसावे, याचा उलगडा काय, हा प्रश्न पुष्कळ वर्षे माझ्या मनात रेंगाळत आहे.

त्याचे प्रचलित उत्तर असे, की दुर्बळाने बलवानाला नामोहरम केलेले पाहून आपल्याला आनंद होतो. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. उंदराचा जयच आपल्याला पाहायचा असता, तर तो पहिल्या मिनिटाला बिळात शिरला की आपले समाधान व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात उंदीर बिळात शिरताच प्रेक्षक त्याला विसरतो, आणि बिळाच्या तोंडाशी नाक चेपून बसलेले मांजर आता कोणती नवी युक्ती योजते, इकडे त्याचे डोळे लागतात. बेत शिकाऱ्याचे, खटपट त्याची, आशा त्याची आणि फटकाही त्यालाच. माझे म्हणणे असे, की या पाठलागांचा खरा नायक पुढे पळणारा नसून मागे धावणारा आहे. आणि आपण त्याच्या फजितीला हसत असलो, तरी त्या हसण्याच्या तळाशी त्याच्याविषयीचा एक आपलेपणा वास करून असतो. आजवर सर्वांनी उंदराची आणि सशाची वकिली केली. शिकाऱ्याची कैफियत कोणी ऐकून घेतली नाही. ती येथे मांडावी असा हेतू आहे.

माझे बालपण परळात गेले. तेथे करमणुकीचा दुष्काळ होता असे मुळीच नव्हे. दामोदर हॉलात नाटके होत, नरे पार्कच्या मैदानात सभा आणि शाहिरांचे कार्यक्रम रंगत, गणेशोत्सवात रात्ररात्र भजने चालत, आणि चार पावले चालून गेले की लालबागेत भारतमाता टॉकीज होते. पण टॉम आणि जेरी ही जोडी पाहायची तर ट्राममध्ये बसून थेट धोबीतलाव गाठावा लागे. तेथले मेट्रो थिएटर मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन कंपनीने १९३८ साली स्वतःच उभारलेले, आणि टॉम-जेरीची चित्रे निघत तीही त्याच कंपनीच्या कारखान्यातून. त्यामुळे मुलांसाठी जे सकाळचे खेळ होत त्यांत या जोडीला मानाचे पान असे. आमच्या चाळीतली पोरे वडीलधाऱ्या कोणाच्या तरी बोटाला धरून तेथे जात तेव्हा कोणाचेही इंग्रजी ‘यस’ आणि ‘नो’ यांच्या पलीकडे गेलेले नव्हते. पण पडद्यावर आरंभी कंपनीच्या बोधचिन्हातला सिंह गर्जना करी, पाठोपाठ मांजर आणि उंदीर अवतरत, आणि मग भाषेची गरजच उरत नसे. ही चित्रे जवळजवळ मुकी असतात. त्यांत बोलते ते संगीत: स्कॉट ब्रॅडली हा त्यांचा संगीतकार मांजराच्या प्रत्येक पावलाला, प्रत्येक आपटण्याला आणि प्रत्येक दबक्या श्वासालाही स्वर नेमून देई, इतका की डोळे मिटले तरी मांजर जिन्याच्या कोणत्या पायरीवर आहे ते कानांना समजावे.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी या जोडीचे पहिले चित्र १९४० सालच्या फेब्रुवारीत पडद्यावर आणले. त्यात मांजराचे नाव अद्याप टॉम नव्हते, जॅस्पर होते. त्या चित्राची घडण लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. मांजराच्या धावपळीत घरातली एक कुंडी फुटते, आणि घर सांभाळणारी बाई त्याला ताकीद देते, की यापुढे एक जरी वस्तू फुटली तरी तुला घराबाहेर काढीन. हा हुकूम उंदराच्या कानी पडतो मात्र, त्याच्या हाती जणू मांजराविरुद्धचा सरकारी दस्तऐवजच येतो. तो काचेचा पेला उचलून टेबलाच्या कडेला नेतो आणि नुसता हवेत धरतो. त्यासरशी आतापर्यंत शिकारी असलेले ते मांजर आर्जवी होते, उंदरापुढे हात जोडू लागते, पेल्यांमागून पेले आणि ताटल्यांमागून ताटल्या झेलीत सुटते, आणि अखेर व्हायचे ते होऊन बडतर्फ होते. उंदीर आपल्या बिळापुढे गृहसौख्याची पाटी मांडून मोकळा होतो.

आता सांगावे, या गोष्टीत बलवान कोण? मांजराला नखे आहेत, दात आहेत, उंदराच्या दहापट देह आहे. पण त्याची नोकरी दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. परळच्या गिरणगावात वाढलेल्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. रोज सकाळी गिरण्यांच्या फाटकापाशी बदली कामगार उभे राहत. हजेरीवर कोणी आले नसेल तरच त्यांना आत घेत, नाहीतर आल्या पावली परत पाठवीत. अंगात बळ होते, हातात कसब होते, पण त्या दिवसाचा रोजगार मिळेल की नाही हे फाटकाच्या आतला कोणी तरी ठरवी. टॉम हा त्या घरातला बदली कामगार आहे. उंदीर पकडणे ही त्याची हौस नव्हे, ते त्याचे काम आहे. ते झाले नाही तर भाकरी तुटते आणि ते करताना कपबशी फुटली तरीही भाकरी तुटते. या पेचाची पुनरावृत्ती पुढे अनेक वर्षे चालली आणि १९४३ ते १९५२ या दहा वर्षांतल्या सात चित्रांनी ऑस्कर पारितोषिके मिळवली; उंदराच्या गोजिरेपणाला त्यांचे श्रेय देणाऱ्यांनी मांजराच्या चेहऱ्याकडे पुरेसे पाहिलेले नाही.

दुसरा शिकारी एल्मर फड. हा वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रांतला, टक्कल पडलेला, डोक्यावर शिकारी टोपी घातलेला, बोबडे बोलणारा गृहस्थ. टेक्स एव्हरी याने १९४० साली काढलेल्या एका चित्रात तो ज्या सशाच्या बिळाशी दबकत येतो, तो ससा बिळातून निवांत बाहेर येऊन गाजर चघळीत त्यालाच विचारतो, की काय चालले आहे. आणि बग्ज बनी या नावाने पुढे त्रिखंडात गाजलेल्या सशाचा खरा अवतार तोच, असे मानले जाते. शिकाऱ्याला पाहून पळायचे, हा शिकारीचा आद्य नियमच येथे मोडला गेला. सावज पळत नाही म्हटल्यावर शिकाऱ्याने करावे काय? बंदुकीला तर पळणाऱ्यामागेच जाण्याची सवय.

पण एल्मरचा खरा स्वभाव उघडा केला तो चक जोन्स याने १९५१, १९५२ आणि १९५३ साली काढलेल्या तीन चित्रांनी. त्यांत शिकारीचा हंगाम कोणाचा, सशाचा की बदकाचा, यावर ससा आणि डॅफी नावाचे बदक यांच्यात वाद जुंपतो. झाडांवर जाहीरनामे ठोकलेले आहेत. अमुक मुदतीत सशाची शिकार कायदेशीर, अमुक मुदतीत बदकाची. दोघेही एकमेकांच्या हंगामाचे कागद चिकटवतात आणि आपल्या हंगामाचे फाडतात, आणि एल्मर ज्या क्षणी जो कागद समोर असेल त्या क्षणी त्या प्राण्यावर नळी रोखतो. त्याला सशाचा राग नाही, बदकाचा द्वेष नाही. परवाना आहे, जाहीरनामा आहे, तेव्हा चाप ओढला पाहिजे, एवढेच त्याला ठाऊक. आयुष्याची उमेदीची वर्षे मी एका कचेरीत घालवली असल्यामुळे एल्मर मला परका वाटत नाही. वरून आलेल्या हुकमाची तामिली करायची, हुकूम बदलला की त्याची उलट तामिली करायची, आणि आपण काय करीत आहोत हा विचार तहकूब ठेवायचा, अशी माणसे मी जवळून पाहिली आहेत आणि प्रसंगी आरशातही पाहिली आहेत. यांपैकी पहिल्या चित्राचा शेवट मोठा मार्मिक आहे: ससा आणि बदक आळीपाळीने कागद फाडीत जातात, आणि सर्वांत खाली निघतो तो जाहीरनामा सांगतो, की हंगाम एल्मरचाच आहे. कागदावर जगणाऱ्याचा निकालही कागदच लावतो.

तिसरा शिकारी हा मला सर्वांत प्रिय आहे. चक जोन्स याने लेखक मायकेल मॉल्टीज याच्या साहाय्याने १९४९ साली पडद्यावर आणलेला हा कायोटी म्हणजे आपल्याकडच्या कोल्ह्या-लांडग्यांचा अमेरिकेच्या वाळवंटातला भाऊबंद. तो ज्या पक्ष्यामागे धावतो तो रोडरनर कोकिळेच्या कुळातला, म्हणजे आपल्या भारद्वाजाचा दूरचा नातलग. ज्याचे दर्शन आपण शुभशकुन मानतो, त्याच्या या चुलत्याचे दर्शन कायोटीला मात्र दर वेळी खड्ड्यात घालते. निसर्गात कायोटी रोडरनरच्या जवळजवळ दुप्पट वेगाने धावू शकतो. जोन्सच्या वाळवंटात हा हिशेब उलटा आहे, आणि म्हणून पायांनी जे साधत नाही ते यंत्रांनी साधण्याचा कायोटीचा खटाटोप आहे. अ‍ॅक्मी नावाच्या कंपनीकडून तो अग्निबाण मागवतो, यांत्रिक बूट मागवतो, प्रचंड बेचक्या मागवतो, आणि ती सारी साधने ऐन वेळी त्याच्यावरच उलटतात.

एका प्रसंगाकडे जरा थांबून पाहू. कायोटी एका उभ्या कड्यावर रंगाने बोगदा रंगवतो. काम मन लावून केलेले असते. रस्ता आत शिरल्यासारखा दिसतो, अंधार खोल वाटतो, एखाद्या पडदे रंगवणाऱ्या कलावंताने पाठ थोपटावी इतके ते चित्र उतरलेले असते. रोडरनर येतो आणि त्या रंगवलेल्या बोगद्यातून सरळ निघून जातो. कायोटी थक्क होतो, पण क्षणभरच. मग जो रस्ता पक्ष्याला मोकळा झाला तो आपल्यालाही झालाच असेल, अशा तर्काने तो मागे सरकून वेग घेतो आणि दगडावर आदळतो. त्याचे चित्र इतके खरे होते की ते त्याच्या शत्रूला खरे ठरले, आणि ते खोटे ठरले तर एकट्या चित्रकारालाच. याहून सूक्ष्म विनोद मी फार थोड्या ग्रंथांत वाचला आहे.

आणि ते कड्यावरून पडणे. कायोटी धावता धावता कड्याच्या टोकापलीकडे जातो. पायांखालची जमीन संपली हे त्याला कळत नाही तोवर तो पडत नाही. अधांतरी उभा राहून तो पायाने चाचपतो, खाली पाहतो, मग मान वळवून आपल्याकडे पाहतो. त्या दृष्टीत भय नसते, तक्रारही नसते. असते ती पुढे काय होणार याची पूर्ण जाणीव. मग तो पडतो, लहान लहान होत ठिपका होतो, ठिपकाही दिसेनासा होतो, सर्वत्र शांतता पसरते, आणि आपण आता काही घडणार नाही असे म्हणेपर्यंत दूर तळाशी धुळीचा एक इवलासा लोट उठतो. सेकंदाला चोवीस चौकटी याप्रमाणे सात मिनिटांच्या चित्रात दहा हजारांवर चौकटी होतात. त्यांतल्या नेमक्या किती चौकटी त्या शांततेला द्यायच्या, यावर हशा पिकणार की नाही हे अवलंबून असते. चार चौकटी इकडच्या तिकडे झाल्या तर उरतो तो निव्वळ एका प्राण्याचा अपघात.

पुढे आपल्या आत्मवृत्तात जोन्सने या चित्रांचे नियम जवळजवळ कलमवार नमूद करून ठेवले. रोडरनरने कायोटीला इजा करायची नाही. त्याने फार तर मागून येऊन आपला तो सुप्रसिद्ध आवाज काढावा. कायोटीला इजा व्हायची ती त्याच्या स्वतःच्या चुकीने किंवा अ‍ॅक्मीच्या मालातील खोटीने. त्याचा सर्वांत मोठा वैरी गुरुत्वाकर्षण. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम असे, की तो वाटेल तेव्हा हा पाठलाग सोडून देऊ शकतो. त्याला कोणी बांधून ठेवलेले नाही. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे यासाठी आपण जे शब्द वापरतो, ते येथे अक्षरशः दगडासकट चित्रित केलेले आहेत. न्याय म्हणून पाहिले तर या नियमावलीसारखी निर्दोष संहिता कोणत्याही इलाख्यात अमलात आलेली मला ठाऊक नाही. सावजाच्या हातून हिंसा घडत नाही, दंड नेमका आक्रमकाला होतो, आणि तोही त्याच्याच हातून वसूल केला जातो.

तरी कायोटीची भूक खरी आहे. मार्क ट्वेनने १८७२ सालच्या आपल्या एका प्रवासवर्णनात कायोटीचे जे वर्णन केले, की तो सदैव उपाशी, हाडकुळा, मूर्तिमंत अभाव आहे, ते वर्णन लहानपणी वाचून आपल्या मनात ठसले, असे जोन्स सांगे. त्यामुळे चित्रातल्या कायोटीच्याही अंगावर मांस नाही. १९९५ साली कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात आली आणि आमच्या चाळीत घरोघर केबलच्या तारा लोंबू लागल्या, तेव्हा शेजारच्या तात्यांकडे नातवंडांसोबत तेही ही चित्रे पाहत बसत. तात्या मूळचे साताऱ्याकडचे, साच्यावर उभे राहून आयुष्य काढलेले विणकर. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगारांबरोबर तेही बाहेर पडले आणि पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पोरे कायोटीच्या प्रत्येक आपटण्याला टाळ्या पिटत, तात्याही हसत, पण एकदा अग्निबाण उलटून तो काळाठिक्कर होऊन उभा राहिला तेव्हा ते मध्येच म्हणाले, “आरं, त्येच्या पोटात सकाळपास्नं काय हाय का न्हाई, ते बघा की कुणीतरी. येकदा तरी खाऊ द्या त्याला.” नातवंडे त्यांच्याकडे पाहतच राहिली. हातातोंडाशी आलेला घास जाणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, तो शिकाऱ्याच्या बाजूने साक्ष देतो. ज्या संपाची समाप्ती रीतसर कधी जाहीरच झाली नाही, त्यातून आलेल्या माणसाला, पाठलाग सोडून देण्याची मुभा असूनही न सोडणारा तो प्राणी वेडा वाटत नव्हता.

पाठलागाच्या विनोदाची आपल्याकडे परंपरा नाही असे कोणी समजू नये. लेकीकडे निघालेली म्हातारी वाटेत भेटणाऱ्या हिंस्र पशूंना परतीच्या मुदतीचा वायदा करते आणि भोपळ्यात बसून त्यांच्या डोळ्यांदेखत घरंगळत निघून जाते, ही गोष्ट पाळण्यापासून ऐकलेल्या मराठी माणसाला अ‍ॅक्मी कंपनीचे नवल वाटण्याचे कारण नाही. पंचतंत्रातला भासुरक सिंह विहिरीतल्या आपल्याच प्रतिबिंबावर उडी घालतो. रंगवलेल्या बोगद्यावर आदळणाऱ्या कायोटीचा तो पूर्वज. भेद एवढाच, की भासुरक बुडून मरतो. आपल्या कथांना निकाल हवा असतो; शिकारी मेला, सावज सुटले, तात्पर्य निघाले, दप्तर बंद झाले. हॉलिवुडच्या चित्रकारांनी तो निकाल कायमचा तहकूब ठेवला.

आपल्या चित्रकारांनी मात्र निकालाचाच मार्ग धरला. १९३४ साली प्रभात कंपनीने काढलेला ‘जंबूकाका’ हा आपल्या आरंभीच्या कार्टूनपटांपैकी एक, आणि त्याचा नायक कोल्हा होता. पुढे १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग स्थापन झाला. डिस्नेच्या स्टुडिओत ‘बॅम्बी’सारख्या चित्रांवर काम केलेले क्लेअर वीक्स तेथल्या तरुणांना शिकवण्यासाठी आले, आणि १९५७ साली त्या विभागाने ‘बनियन डिअर’ हे चित्र पुरे केले. विषय जातकातला. वाराणसीच्या राजाला रोज मृगमांस लागे. रोजच्या शिकारीत नाहक अनेक हरिणे जखमी होतात म्हणून हरिणांनीच पाळी ठरवून रोज एकाला पाठवण्याचा बंदोबस्त केला. पुढे एका गर्भवती हरिणीची पाळी आली, तेव्हा तिच्या जागी न्यग्रोध हा मृगराज स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवून पडला, आणि त्या दर्शनाने पालटलेल्या राजाने प्रथम हरिणांना, मग सर्व प्राणिमात्रांना अभय दिले. येथे पाठलाग संपतो तो करुणेने. याहून उदात्त शेवट नाही हे मी मान्य करतो. पण या राजाला अनुताप होऊ शकला, कारण त्याच्या स्वयंपाकघरात दुसरे पुष्कळ होते. कायोटीला ती चैन परवडणारी नाही.

परळाने तर पाठलागाचे चित्रपट स्वतःच्या अंगणात वाढवलेले आहेत. वाडिया मूव्हिटोनचा स्टुडिओ परळातला. १९३५ साली ‘हंटरवाली’ निघाला आणि नादिया चाबूक घेऊन दुष्टांच्या मागे धावली ती याच कंपनीच्या चित्रांतून. १९४२ साली त्याच जागेवर, पूर्वी प्रभातच्या भागीदारांपैकी असलेल्या शांतारामांनी राजकमल कलामंदिर उभे केले. नादिया गच्चीवरून उडी मारी ती खऱ्या शरीराने मारी, आणि पडली असती तर तिचे खरे हाड मोडले असते. तिच्या पाठलागात प्रेक्षकाचा श्वास रोखला जाई, त्याला खदखदून हसू फुटत नसे. हसू फुटण्यासाठी हाड न मोडणारे शरीर लागते, आणि ते शाई व कागद यांखेरीज कशाचेही बनत नाही.

हे परळात राहणाऱ्याला विशेष उमजते, कारण मोडलेल्या शरीरांची परळ ही राजधानी आहे. १९२६ सालचे केईएम, १९२९ सालचे मुलांचे वाडिया, १९४१ सालचे टाटा; आणि या सर्वांच्या आधी, १८८३ साली स्थापन झालेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ. मोटारीखाली आलेला कुत्रा, गच्चीवरून पडलेले मांजर, पतंगाच्या मांज्याने पंख कापलेली घार, असे सगळे तेथे आणले जाते. तेथल्या एखाद्या मांजराच्या पायाला घातलेली फळकुटे एकदा पाहिली, की पुढच्या चौकटीत टवटवीत होऊन उभा राहणारा टॉम ही किती मोठी सवलत आहे ते कळते.

आणि खरी शिकार? तीही परळातच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात आली, जिचे १९२५ पासूनचे नाव हाफकिन इन्स्टिट्यूट. ज्या वास्तूत गव्हर्नरसाहेबांच्या मेजवान्या झडत, तेथे हजारो मेलेले उंदीर तपासले गेले, आणि त्यांच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते हे सप्रमाण सिद्ध झाले. त्या साथीपासून मुंबईत उंदीर हा सरकारी शत्रू ठरला, आणि आजही महापालिकेच्या नोकरीतले रात्रपाळीचे उंदीरमारे एका हातात बॅटरी आणि दुसऱ्यात काठी घेऊन गल्लीबोळांतून हिंडतात. एका रात्रीत तीस उंदीर, असा त्यांचा कोटा सांगितला जातो. बॅटरीचा झोत पडला की उंदीर क्षणभर दिपतो, आणि त्या क्षणातच काठी पडावी लागते. येथे उंदीर बिळापुढे पाटी मांडीत नाही आणि शिकाऱ्याच्या आपटण्यावर कोणी संगीत रचीत नाही. पण नोकरीसाठी उंदरामागे धावणारा, भल्या पहाटे पोते खांद्यावर टाकून घरी जाणारा तो माणूस पाहिला, की मेट्रोच्या पडद्यावरच्या त्या मांजराची कैफियत मला अधिकच खरी वाटू लागते.

या चित्रांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की त्यांतली हाणामारी मुलांना क्रूर करते. मुलांना खरे-खोटे कळत नाही ही थोरांची समजूत आहे. चाळीतले कोणतेही पोर कायोटीचे पाहून गच्चीच्या कठड्यापलीकडे चालत गेले नाही. माझा आक्षेप निराळा आहे. याच चित्रांत बाँब फुटला की मांजराचे तोंड काळे होते, ओठ जाड होतात, आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे विडंबन हशासाठी वापरले जाते. टॉमला ताकीद देणारी ती बाईही काळी मोलकरीण आहे, आणि तिचा चेहरा आपल्याला सहसा दाखवलाच जात नाही, दिसतात ते पाय आणि ऐकू येते ती ठसकेबाज बोली. ज्यांचा खरा पाठलाग कुत्री सोडून केला गेला त्यांच्या वंशजांना येथे पुन्हा हास्याचे सावज केले आहे. पुढे दूरचित्रवाणीवर दाखवताना अशी दृश्ये कापली गेली ते योग्यच झाले. जोन्सच्या नियमावलीत आघात आक्रमकावर होत होता; येथे तो मार खाऊन बसलेल्यावर होतो, आणि त्याच क्षणी ते हसू नासते.

तेव्हा नातवंडांना मांडीवर घेऊन ही चित्रे खुशाल पाहावीत. कोण जिंकले हे त्यांना विचारू नये, ते पहिल्या चौकटीपासून ठरलेले असते. मार कोणाला बसला आणि तो उठून पुन्हा उभा राहिला का, एवढे मात्र अवश्य विचारावे. ज्या विनोदात मार बलवानाला बसतो आणि मरण कोणालाच येत नाही, तो मुलांच्या हाती निर्धास्त द्यावा; ज्यात तो आधीच खाली पडलेल्याला बसतो, तो थोरांनीही हाती धरू नये.